‘बसतंय ना, मग झालं!’

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या दारात दहा-बारा वर्षं जुनी गाडी उभी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. आपल्या पालघर-बोईसर पट्ट्यात अशी घरं काही कमी नाहीत. कुणाला शहाणपण शिकवायला लिहीत नाहीये. चूक माझी आहे आणि ती चारचौघांत कबूल करावी असं वाटलं, म्हणून लिहितोय.

मी तारापूर एमआयडीसीत मेंटेनन्सला फिटर आहे. वीस वर्षं होत आली. राहायला मनोरच्या बाजूला. सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटते. त्यानंतर पालघरला पोचून पुढे मनोरकडे जायचं म्हणजे ज्याचं त्याला माहीत. म्हणून आम्ही चौघं माझ्या गाडीने ये-जा करायचो, डिझेलचा खर्च वाटून. एक पालघरला उतरायचा, बाकीचे तिघं वाघोबा खिंडीतून पुढे. गाडी २०१३ ची स्विफ्ट, डिझेल. ठाण्याहून सेकंडहॅन्ड घेतलेली, पण जपलेली.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गाडी सकाळी स्टार्ट व्हायला त्रास द्यायला लागली. चालू झाली की थरथरायची. बोईसरचा आमचा नेहमीचा मिस्त्री, चांगला माणूस. त्याने चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइपला छोट्या बाटल्या लावल्या आणि इंजिन चालू ठेवलं. तीन बाटल्यांत थोडं थोडं डिझेल आलं, दुसऱ्या नंबरची बाटली मात्र भराभर भरली. म्हणजे तो इंजेक्टर आतून गळतोय, रेलमध्ये पाहिजे तेवढा दाब तयार होत नाही. निदान अगदी बरोबर होतं. ते आधी सांगतो, कारण पुढे मी मिस्त्रीला दोष देतोय असं कुणाला वाटू नये.

नवीन इंजेक्टरचा भाव ऐकला आणि मी गप्प झालो. पोराच्या अकरावीची फी त्याच महिन्यात होती. मी म्हणालो, “काहीतरी स्वस्तात बघ ना.” हे वाक्य माझं आहे, मिस्त्रीचं नाही. त्याने दोन फोन लावले. कुणाच्या तरी ओळखीतून व्हॉट्सॲपवर फोटो आले. चार जुने इंजेक्टर, पुसून चकचकीत केलेले. पूर्ण सेट सोळा हजाराला. मी फोनवर विचारलं, “स्विफ्टचेच आहेत ना?” पलीकडून उत्तर आलं, “साहेब, राष्ट्रीय इंजिन आहे हे. कुठल्याही गाडीचं बसतं.”

हे ‘राष्ट्रीय इंजिन’ प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फियाट कंपनीचं १२४८ सीसीचं मल्टीजेट डिझेल इंजिन आपल्याकडे इतक्या गाड्यांत बसलं की लोक त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायला लागले. मारुतीने २००७ साली ते स्विफ्टमध्ये आणलं, मग डिझायर, रिट्झ, एर्टिगा, सियाझ, ब्रेझा. टाटाने व्हिस्टा, मान्झा, झेस्टमध्ये घातलं. फियाटच्या स्वतःच्या पुंटो आणि लिनियात होतंच. मारुतीसाठी ते हरियाणात मानेसरला बनायचं, टाटा-फियाटसाठी आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावला. २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-६ निकष आले आणि ते बंद पडलं. पण रस्त्यावर अजून भरपूर आहेत, आणि भंगारातही भरपूर. त्यामुळे जुन्या पार्टच्या बाजारात या इंजिनाचा माल सहज मिळतो, आणि ‘कुठलंही बसतं’ हे वाक्यही त्याच्याबरोबर फुकट मिळतं.

आता गंमत अशी की ते वाक्य खोटं नाही. बसतं! इंजेक्टर बसले. उंची तीच, क्लॅम्प तोच, वायरचा कनेक्टर तोच. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. मिस्त्रीला चहा पाजला, पैसे दिले, घरी आलो.

दोन दिवसांनी आवाज जाणवायला लागला. टक टक टक, थंड असताना जास्त. चढाला मागून काळा धूर. सरासरीही घसरली. मी मनाची समजूत काढली, “जुना माल आहे, सेट व्हायला वेळ लागेल.” असे तीन आठवडे काढले. कंपनीत पंपाच्या बेअरिंगचा आवाज जरा बदलला तर मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हाऊसिंगला आणि मूठ कानाला लावून ऐकत बसतो. आणि इथे स्वतःची गाडी रोज ओरडून सांगत होती तर मी रेडिओचा आवाज वाढवत होतो.

जुलैमधली रात्र. पाऊस असा की वायपर पुरत नव्हते. पालघरला एकाला उतरवलं. वाघोबा खिंडीच्या चढाला लागलो आणि इंजिनातून एकदम फटफट असा आवाज, मागे पांढरा धूर, पिकअप शून्य. गाडी वळणावर बंद पडली. स्टार्टर मारला तर खडखड. धोक्याचे दिवे लावले. मागच्या सीटवरचे काका, दोन वर्षांत रिटायर होणारा माणूस, मोबाइलचा टॉर्च लावून पावसात मागे जाऊन उभे राहिले. दुसरा कंत्राटी पोरगा, वय बावीस-तेवीस, गाडी कडेला ढकलायला उतरला. तेवढ्यात खालून ट्रक आला. त्याला आम्ही उशिरा दिसलो. त्याने ब्रेक मारले, घसरला, सावरला, आणि आमचा उजवा आरसा घेऊन पुढे गेला.

तो आरसा जिथे होता तिथून वीतभर अंतरावर तो पोरगा उभा होता.

कुणाला काही झालं नाही. एका पिकअपवाल्याने दोर बांधून आम्हाला मनोरपर्यंत ओढून नेलं. पण दुसऱ्या दिवशी काकांच्या घरी गेलो तेव्हा काकींनी चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, “बाबा रे, ह्यांना आता बसनेच येऊ दे.” त्यावर मला काही बोलता आलं नाही.

इंजिन उघडलं. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा माथा एका बाजूने वितळून गेला होता, मेणबत्ती वाऱ्याकडून ओघळते तसा. त्याचे तुकडे वर आपटून हेडही खराब झालं होतं. मिस्त्रीच म्हणाला, “हे इंजेक्टर पालघरला डिझेल पंपवाल्याकडे दाखवू या.” आम्ही दोघं गेलो. माझे जुने तीन चांगले इंजेक्टर मी डब्यात ठेवले होते, तेही नेले. त्या माणसाने एक जुना आणि एक नंतर घातलेला असे शेजारी शेजारी ठेवले, बॅटरी मारली आणि मला म्हणाला, “वाचा.”

मी वाचलं. दोन्हीवर बॉशचा नंबर. ०४४५११०, इथपर्यंत तंतोतंत सारखा. शेवटचे तीन आकडे वेगळे.

तो म्हणाला, “सुरुवातीचे आकडे सांगतात की इंजेक्टर कुठल्या जातीचा. शेवटचे तीन सांगतात की कुठल्या इंजिनाचा. घालताना नंबर जुळवले नव्हते का?”

त्याने समजावलं ते असं. बाहेरून हे सगळे भाऊ-भाऊ. फरक आत. नोझलची भोकं किती आणि केवढी, डिझेलचा फवारा कोणत्या कोनात उडतो, किती वेळात किती थेंब सुटतो. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, या रेलमध्ये डिझेल हजार बारच्या वर दाबाने येतं. तिथे केसाएवढा फरक म्हणजे फवारा पिस्टनच्या खळग्यात पडायच्या ऐवजी काठावर पडतो आणि तिथेच जळत राहतो. शिवाय प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षर-आकड्यांचा एक छोटा कोड असतो. तो कारखान्यात त्या त्या इंजेक्टरची तपासणी करून दिलेला असतो, आणि इंजेक्टर बदलला की तो स्कॅनरने गाडीच्या ईसीएममध्ये भरावा लागतो. नाहीतर ईसीएम जुन्या इंजेक्टरच्या हिशेबानेच डिझेल सोडत राहतो. आमच्या गाडीत तो कोड कुणी भरलाच नव्हता. नंबरच वाचला नाही, तिथे कोड कोण वाचणार?

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट सांगतो. कंपनीत मी नंबर वाचल्याशिवाय बेअरिंगला हात लावत नाही. ६२०५ आणि ६३०५, दोन्हीचं आतलं भोक २५ मिलिमीटर, दोन्ही एकाच शाफ्टवर चढतात. पण पहिल्याचा बाहेरचा व्यास ५२, दुसऱ्याचा ६२. ते निदान डोळ्यांना दिसतं. पण ६२०५ आणि ६२०५ सी३ यांत मापाचा काहीच फरक नाही, फक्त आतली फट जास्त. गरम चालणाऱ्या मोटरला सी३ लागतं. साधं घातलं तर ते बसतं, फिरतं, पहिले काही दिवस छान चालतं आणि मग गरम होऊन जाम होतं. नवीन आलेल्या प्रत्येक पोराला मी हे शिकवतो. त्या रात्री आरशाजवळ उभ्या असलेल्या पोरालाही मीच शिकवलं होतं. तारापुरात काम करणाऱ्याला चुकीच्या जोडणीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. पण गेटच्या बाहेर आलो की आमची ती शिस्त हेल्मेटबरोबर लॉकरमध्ये राहते.

पिस्टन नवीन टाकला. इंजेक्टर माझेच जुने तीन आणि एक नवा, कोड भरून. हेड मात्र नवं परवडणारं नव्हतं, जुनंच घ्यावं लागणार होतं. या वेळी मी कंपनीत करतो तसं केलं. ते सविस्तर लिहितो, कारण तुमच्या कामाचा भाग हाच आहे.

पहिलं, गाडीचं नाव आणि साल यावर विसंबू नका. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर घ्या, आणि इंजिन ब्लॉकवर ठोकलेला नंबर स्वतः पुसून वाचा. आधीच्या मालकाने इंजिन बदललेलं असू शकतं. नाव-साल का फसवतं त्याचं उदाहरण देतो. २०१० सालीच वॅगनआर बदलली. आधीचं इंजिन १०६१ सीसी, चार सिलिंडर. नंतरचं के-सिरीज, ९९८ सीसी, तीन सिलिंडर. दोन्ही ‘२०१० ची वॅगनआर’. एकाचा पार्ट दुसऱ्याला शोभेलाही लागत नाही. पेट्रोल स्विफ्टचं तेच. आधी १२९८ सीसी, २०१० पासून ११९७. यामागे सरकारचा कर आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं, पण अट अशी की लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत. त्या सवलतीत बसायचं तर इंजिन लहान करणं आलं. दिल्लीत एक ओळ लिहिली जाते आणि पंधरा वर्षांनी बोईसरच्या गॅरेजमध्ये पार्ट बसत नाही, तो असा.

प्रदूषणाच्या निकषांचंही तसंच. २०१० च्या एप्रिलमध्ये बीएस-४ आलं ते मुंबईसह निवडक तेरा शहरांत. सगळ्या देशाला लागू झालं २०१७ च्या एप्रिलमध्ये. मधली सात वर्षं देशात दोन निकष एकाच वेळी चालू होते. त्यामुळे सेन्सर, इंजेक्टर, ईजीआर, ईसीएम घेताना गाडी बीएस-३ की बीएस-४ हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आमच्या राष्ट्रीय इंजिनातसुद्धा ७५ हॉर्सपॉवरचा आणि ९० हॉर्सपॉवरचा असे दोन प्रकार आहेत. स्विफ्टचा साधा टर्बो, एर्टिगाचा बदलत्या भूमितीचा. इंजिनाचं नाव एक असलं म्हणून टर्बो एक होत नाही.

दुसरं, पार्ट नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवा. आपला जुना पार्ट हातात असेल तर त्यावरचा नंबर घ्या. नसेल तर अधिकृत स्पेअर पार्टच्या काउंटरवर चासी नंबर सांगा, ते कॉम्प्युटरवर नेमका नंबर काढून देतात. काही वेळा कंपनीने जुना नंबर रद्द करून त्याजागी नवा दिलेला असतो. तोही तिथेच कळतो. म्हणजे नंबर वेगळा असूनही पार्ट बरोबर असू शकतो, पण ते कंपनीच्या यादीने ठरवायचं, विकणाऱ्याच्या तोंडाने नाही. आणि जुना पार्ट नवा बसून चाललाय याची खात्री होईपर्यंत कुणाला देऊ नका. मी तीन इंजेक्टर डब्यात ठेवले नसते तर मला आजही कळलं नसतं काय चुकलं.

तिसरं, शेजारी ठेवून मोजा. अल्टरनेटर असेल तर पुलीवरच्या खाचा, अँपिअर, कनेक्टरच्या पिना. स्टार्टर असेल तर पिनियनचे दात आणि फिरायची दिशा. हेड असेल तर जुनं गॅस्केट बरोबर न्या आणि वर ठेवून पाण्याची, ऑइलची, बोल्टची भोकं जुळतात का बघा. फोटोवरून यातलं काहीही कळत नाही.

चौथं, क्रँक, पिस्टन, ब्लॉक जुना घेताना त्याचं आधीचं काम विचारा. क्रँक एकदा ग्राइंड केला की त्याला पाव किंवा अर्धा मिलिमीटर अंडरसाइजचे बेअरिंग लागतात. ब्लॉक बोअर केला असेल तर पिस्टन ओव्हरसाइज लागतो. नंबर जुळला तरी माप बदललेलं असू शकतं. मायक्रोमीटर लावल्याशिवाय घेऊ नका. वर्कशॉपमध्ये दहा मिनिटांचं काम आहे.

पाचवं, इलेक्ट्रॉनिक गोष्टींत नंबर जुळणं हा फक्त अर्धा भाग. ईसीएम, इमोबिलायझर आणि किल्ली यांची एकमेकांशी ओळख असते. दुसऱ्या गाडीचा ईसीएम आणून लावला तर इंजिन चालूच होणार नाही किंवा लगेच बंद पडेल. तो आपल्या गाडीशी कोण जुळवून देणार, हे पैसे द्यायच्या आधी ठरवा.

सहावं, पाणी आणि मीठ. २०१८ च्या जुलैत वसई-विरार-नालासोपारा पाण्यात होतं ते आठवतंय ना? २०१५ ला चेन्नई बुडालं. अशा बुडालेल्या गाड्यांचे पार्ट कुठे ना कुठे बाजारात उतरतात. इंजिनात पाणी शिरलेल्या अवस्थेत स्टार्टर मारला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असतो, आणि नुसत्या डोळ्याला तो सरळच दिसतो. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्यात का, बोल्टच्या खाचेत गाळ आहे का, ते बघा. चिंचणी-डहाणूच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना खारी हवा काय करते ते सांगायला नकोच.

आणि काही गोष्टी जुन्या घ्यायच्याच नाहीत, कितीही स्वस्त मिळाल्या तरी. हेड गॅस्केट, ऑइल सील, टायमिंग बेल्ट किंवा चेन, हेडचे ताणून बसवायचे बोल्ट. यात वाचणारे पैसे पुढच्या टोचनवाल्याला द्यावे लागतात. हो, आणि जुना घ्यायच्या आधी नव्याचा भाव एकदा परत विचारा. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. काही छोट्या पार्टमध्ये जुन्या-नव्यातला फरक आता इतका उरलेला नाही की धोका घ्यावा.

हेडसाठी मी कुर्ल्याला सीएसटी रोडला गेलो. सुट्टी टाकून, सकाळच्या गाडीने. हातात गॅस्केट, खिशात नंबर लिहिलेला कागद, फूटभर सरळपट्टी आणि फीलर गेज. पहिल्या दोन ठिकाणी नंबर वाचायला मागितला तर “अरे साब, सेम टू सेम” म्हणाले. मी नमस्कार करून निघालो. तिसऱ्या ठिकाणी एका वयस्कर दुकानदाराने स्वतःच घासलेटने हेड पुसलं, नंबर दाखवला, सरळपट्टी लावू दिली. कुठल्या गाडीतून काढलं तो गाडी नंबर बिलावर लिहिला. प्रेशर टेस्टमध्ये चीर निघाली तर तीन दिवसांत परत घेईन, हेही लिहून दिलं. मी म्हटलं, चाचा, तुम्ही सगळ्यांना असं बिल देता? ते हसले. “जो माँगता है उसको देता हूँ. कोई माँगता ही नहीं.”

हे बिल म्हणजे नुसती पावती नाही. चोरीच्या गाड्या कापून पार्ट विकले जातात हे काही गुपित नाही. माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही गुन्हेगार ठरतो. ज्या पार्टवर इंजिन नंबर आहे तो ब्लॉक किंवा पूर्ण इंजिन घेताना नंबर घासलेला असेल तर हात लावू नका. नंबर असेल तर एनसीआरबीच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत तो चोरीच्या नोंदीत आहे का ते तपासता येतं. आणि इंजिन बदललं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परिवहन कार्यालयाला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. नोंद नसेल तर गाडी विकताना अडतं, आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात अडकतं. अपघात झाल्यावर हे कागद शोधायची वेळ येऊ नये.

हे सगळं फेसबुकवर कशाला, गॅरेजमध्ये बोल की, असं कुणी म्हणेल. पण मला हा एकट्याचा प्रश्न वाटत नाही. शिफ्ट सुटल्यावर बोईसर-चिल्हार रस्त्यावर आणि पालघर-मनोर रस्त्यावर जुन्या गाड्यांची रांग बघा. त्या गाड्यांवर आपली रोजची मजुरी अवलंबून आहे. प्रत्येक गाडीत चार-पाच माणसं, आणि समोरून येणाऱ्या गाडीत आणखी चार-पाच. २०२१ मध्ये वाहन मोडीत काढण्याचे नियम आले, नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांची व्यवस्था झाली. त्याचा खरा उपयोग तेव्हा, जेव्हा मोडलेल्या गाडीतून निघालेला चांगला पार्ट नंबरसकट, कागदासकट आपल्या गॅरेजपर्यंत पोचेल. जुना पार्ट वापरणं यात कमीपणा नाही. वाया जाणारी वस्तू कामी येते, गरिबाची गाडी चालते. फक्त त्याची ओळख त्याच्याबरोबर आली पाहिजे.

आणि आपल्या मिस्त्री लोकांबद्दल एक शब्द. रस्त्याच्या कडेला पत्र्याखाली बसून ते जी गाडी समोर येईल ती दुरुस्त करतात. त्यांच्याकडे कंपनीची पार्ट यादी नसते, स्कॅनर असतो तो भाड्याचा. आणि आपण गिऱ्हाईक काय म्हणतो? “स्वस्तात बघ. संध्याकाळपर्यंत दे.” मग ‘बसतंय ना, मग झालं’ हे ठरूनच जातं. त्या शब्दात सगळेच सुटतात. विकणारा म्हणतो, मी बसतं म्हणालो होतो. लावणारा म्हणतो, बसलं ना. आणि गाडीवाला म्हणतो, मला काय कळतं. मला कळत होतं, तरी मी तेच केलं.

आमच्या मिस्त्रीने त्या कामाची मजुरी घेतली नाही. मी जबरदस्तीने अर्धी दिली. आता त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर मी एक वही टांगलीय. जुना पार्ट लावला की गाडी नंबर, इंजिन नंबर, काढलेल्या पार्टचा नंबर, लावलेल्या पार्टचा नंबर, कुठून आणला. पाच रकाने. मिस्त्री आणि गिऱ्हाईक दोघांची सही. पहिल्या महिन्यात लोक हसले. आता काही जण स्वतःहून वही मागतात. तुमच्या मिस्त्रीकडेही अशी वही टांगा, वीस रुपयांची येते. रकाने कसे आखले त्याचा फोटो पाहिजे असेल तर सांगा, पाठवतो.

सोळा हजार वाचवायला गेलो आणि सगळं मिळून ऐंशीच्या घरात गेलं. ते फिटेल. गाडी आता चांगली चालतेय. तो पोरगा परत माझ्याबरोबर येतो. खिंडीत चढ लागला की रेडिओ तोच बंद करतो आणि आम्ही दोघं काही न बोलता इंजिन ऐकतो. वाघोबाच्या देवळापाशी तो हात जोडतो, मी गाडी हळू करतो.

काका अजून बसनेच जातात.